तुले नाटकात घेतो

शामभाऊ कुणावर हात उचलत नसे, शिवीही देत नसे. त्याच्या पानठेल्यावर कुणी आगाऊपणा केला, की पानाला चुना लावता लावता तो मान वर करायचा, त्या माणसाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायचा आणि शांतपणे म्हणायचा, "थांब, तुले नाटकात घेतो." दिग्रसात या वाक्याला लोक पोलिसापेक्षा जास्त भीत.

कारण शामभाऊ खरोखरच घ्यायचा. आमच्या लहानशा नाटक मंडळीत तो खलनायक आणि मी पेटीवाला. पोळ्यापासून होळीपर्यंत आमचा हंगाम. गणपती, नवरात्र, जत्रा, कुठे शाळेची मदत. पार घाटंजीपर्यंत आम्ही जायचो. नाटक कोणतेही असो, शामभाऊच्या दुष्ट माणसाची चाल आणि खोकला गावातल्या कुणाचा तरी असायचा. एका कापडवाल्याने त्याला धुतल्यावर आटणारे धोतर विकले आणि बदलून द्यायला नकार दिला. पुढच्या प्रयोगात देवकी लेकरासाठी पदर पसरत होती आणि कंस नाकातून म्हणत होता, "एकदा नेलेला माल वापस होनार नाई!" कापडवाल्याने पुढे महिनाभर गिऱ्हाइकासमोर ते वाक्य उच्चारले नाही.

ही विद्या पोळ्याची. तोरणाखाली बैल उभे राहिले की आमच्याकडे झडत्या म्हणतात. वर्षभर ज्याने छळले, त्याच्यावर चारचौघांत यमक जुळवायचे आणि त्याने ते मुकाट ऐकून घ्यायचे. शामभाऊ म्हणायचा, "झडती एका दिवसाची. नाटक हंगामभर चालते."

पण हा सगळा सराव होता. खरा डूख त्याने एकाच माणसावर धरला होता.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या हिवाळ्यात मंडळीत बायकांची कामे करणारा नट आम्हाला सोडून गेला. शामभाऊने आपल्या धाकट्या बहिणीला, कमलला, उभे केले. तिचे तान्हे मूल पावसाळ्यात दगावले होते आणि नवऱ्याने तिला माहेरी आणून टाकले होते. घरात ती कुणाशी बोलत नसे. तालमीत मात्र बोलू लागली. भूमिका आईची होती. पहिल्याच प्रयोगात ती पाळण्याशी बसून अंगाई म्हणू लागली आणि मंडप गप्प झाला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आबासाहेब उठले. कापसाचे मोठे अडते, समारंभाचे अध्यक्ष. बाईमाणसाने नाटकात यावे हे त्यांना खपत नव्हते. काठी आपटून ते म्हणाले, "बाई, बस झालं आता. पोट्टे रडून राह्यले असतीन, जा घरी!"

मंडप हसला. कमल पाळण्याची दोरी धरून क्षणभर तशीच बसली, मग उठून आत गेली. त्यानंतर ती मंडळीचे कपडे शिवायची, पण पडद्यापुढे आली नाही. आबासाहेबांना तिच्या मुलाचे ठाऊक होते की नव्हते, मला माहीत नाही. ठाऊक नसले तरी मी त्यांना माफ करणार नाही.

पुढे आबासाहेब यवतमाळला राहायला गेले. मी शामभाऊला म्हटले, "आता सोडून दे."

"कायले सोडू? राग लोनच्यावानी असते, भाऊ. मुरू द्या लागते."

अधूनमधून तो एस.टी.ने यवतमाळला जायचा आणि येऊन सांगायचा, "आता डावा पाय ओढून राह्यला. धोतराचा सोगा हातात धरून चालते." ऐकणाऱ्याला वाटावे, आजारी नातेवाइकाला भेटून आला. मग ठेल्यामागच्या बोळात तो तसाच पाय ओढत येरझाऱ्या घालायचा. कमल घरात शिलाई मशीन जोरात चालवायची.

अखेर, साठ साल उलटून गेल्यावर, शाळेच्या खोल्यांसाठी आमचा प्रयोग ठरला आणि प्रमुख पाहुणे म्हणून आबासाहेब येणार असे कळले. शामभाऊची भूमिका सुनेला छळणाऱ्या सासऱ्याची होती. कमलला त्याने बायकांच्या बाजूला अगदी पुढे बसवले. "तू फक्त पाह्यत राह्य," म्हणाला.

तो डावा पाय ओढत, सोगा धरून आला आणि लोक एकमेकांना कोपरे मारू लागले. सून गाऊ लागली. सासऱ्याने काठी आपटली. "बाई, बस झालं आता. पोट्टे रडून राह्यले असतीन, जा घरी!"

जुन्या लोकांना आठवले. मंडपात चिडीचूप झाले. आणि त्या शांततेत एकच माणूस मांडीवर थापा मारत हसला. खुद्द आबासाहेब! "वा रे पठ्ठ्या! असेच राह्यतेत लेकाचे! वन्स मोअर!"

स्वतःची चाल त्यांनी ओळखली नाही, स्वतःचे वाक्यही नाही. वन्स मोअर आला की द्यायचा, ही रीत. शामभाऊने दिला. आबासाहेब आणखी हसले, पुन्हा ओरडले. शामभाऊच्या तोंडावरचा रंग घामाने ओघळू लागला. इतकी वर्षे मुरवलेले लोणचे समोरचा मिटक्या मारत खात होता.

तेव्हा कमल उठली. "आबासाहेब," ती म्हणाली, "हे तुमचंच बोलनं हाय. मी पाळन्यापाशी बसली होती तवा म्हटलं होतं तुमी. माह्या घरी रडाले कोनी नोतं. माहं लेकरू मेलं होतं."

आबासाहेबांचे हसू ओठांवरच राहिले.

"आता बस झालं," कमल म्हणाली. "पोट्टे रडून राह्यले असतीन. जा घरी."

कुणी हसले नाही. आबासाहेबांनी काठी चाचपली आणि ते मंडपाच्या मधोमध डावा पाय ओढत निघाले. वर शामभाऊ अजून त्याच पवित्र्यात उभा होता, त्यामुळे जाणारा माणूस सगळ्यांना दोनदा दिसत होता. मी पेटीवर भैरवी धरली. कुणी सांगितले नव्हते, पण अशी भैरवी मी जन्मात वाजवली नाही, आणि इतका आनंदही मला कधी झाला नाही.

पुढच्या हंगामापासून कमल पुन्हा कामे करू लागली. शामभाऊ मात्र मरेपर्यंत कुरकुरत राहिला. "एवढा घास मी वाढला, अन् पोरीनं माह्यासमोर खाल्ला." हे सांगताना त्याचे डोळे चमकायचे.

थोड्याच वर्षांत त्याला छातीच्या दुखण्याने गाठले. मी भेटायला गेलो, तेव्हा डॉक्टर नुकतेच सुई टोचून गेले होते. "याले नाटकात घेतो," तो पुटपुटला. मग उशाशी बसलेल्या बहिणीकडे वळून म्हणाला, "कमले, आबासाहेबाले म्हटलं होतं ते म्हन. वन्स मोअर."

कमलने त्याच्या कपाळावरून हात फिरवला.

"बस झालं आता, दादा," ती म्हणाली. "जा घरी."

शामभाऊ डोळे मिटून हसला. भैरवीची वेळ झाली होती, पण माझी पेटी त्या दिवशी घरी राहिली होती.