कडी बाहेरून होती

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जाणारा माणूस. आमच्या घरात ताईत-गंडेसुद्धा चालत नव्हते. आजही माझा असल्या गोष्टींवर विश्वास आहे असं म्हणणार नाही. पण हुसेनचाचाबद्दल आमच्या गावात अजून जे सांगतात ते खरं नाही, आणि ते खरं नाही हे माहीत असलेला मी एकटाच उरलो आहे... म्हणून लिहितो.

गाव पारनेर तालुक्यातलं. साल मोठ्या दुष्काळाचं – बहात्तरचं. मुसलमानांची घरं मोजकीच, बोली गावाचीच. मशीद म्हणजे दगडमातीची एक खोली, पुढं अंगण, अंगणाला दोन पुरुष उंच भिंत आणि एकच दार. न्हाणी, संडास आतच.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मोहल्ल्यातल्या एकानं तरी मशिदीत एतिकाफला बसायचं असतं. पडद्याआड राहायचं, इबादत करायची, उंबरा ओलांडायचा नाही. कोणीच बसलं नाही तर दोष सगळ्या मोहल्ल्यावर. त्या वर्षी धडधाकट माणसं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती. बसणार कोण? मग जमातीनं हुसेनचाचाला बसवलं. चाचा पिंजारी, गुडघे गेलेले, खडी फोडायच्या कामाचा नाही. आमच्याकडं हे असंच चालायचं. मोहल्ल्याचं पुण्य गरिबाच्या अंगावर.

मी तेव्हा बाविशीत होतो. काही महिने नगरच्या मदरशात राहून आलेलो, त्यामुळं गावात मीच आलिम, धर्माचं जाणणारा. त्या रमजानमध्ये मी स्वतःला सुधारायचं ठरवलं होतं. खोटं बोलायचं नाही, कुणाची निंदा करायची नाही, नजर खाली. रोज झोपताना दिवसाचा हिशोब घ्यायचो आणि मनातल्या मनात खूश व्हायचो. चाचाच्या एतिकाफवर देखरेखही मीच मागून घेतली होती.

एके दिवशी दुपारची नमाज झाली, माणसं कामावर परतली. मी निघणार तोच शेजारच्या सोनाबाई दारात आल्या. चाचाच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. जैतूनचाचीला – चाचाच्या बायकोला – दोन दिवस उलट्या-जुलाब होत होते.

"पिंजारीदादाला धाडा," सोनाबाई म्हणाल्या. "चाचीचं लई बिघडलंय. पानी पानी करतीया आन घरात थेंब न्हाई. टँकर आलाय, मी हंडा घिऊन पळते, तवर कुनीतरी जवळ पायजे."

"त्यांना उठता येत नाही," मी म्हणालो. "इबादतीत आहेत."

"आरं, मानूस मरतंय."

पडदा सरकवून चाचा बाहेर आला. "रशीद, घटकाभर जाऊन येतो."

"चाचा, तुम्ही उंबरा ओलांडला तर एतिकाफ तुटला. सगळ्या मोहल्ल्याचा गुन्हा तुमच्या मानेवर. चाचीच्यासुद्धा."

चाचीचं नाव मी मुद्दाम घेतलं. तो जागीच थांबला. सोनाबाई माझ्याकडं बघून थुंकल्या आणि टँकरकडं पळाल्या.

चाचा हळूहळू पडद्याआड गेला. मला त्याचा भरवसा वाटेना. मी बाहेर पडून दाराला कडी लावली, कडीत सुतळी ओवली आणि दोन गाठी मारल्या. मग कामावर गेलो.

नंतर नगरच्या एका मौलानांना मी हा मसला, म्हणजे धर्मात याला काय म्हणतात ते, विचारला, नाव न सांगता. ते म्हणाले, अशा वेळी उठून जाण्यात गुन्हा कसला? पुढं एक दिवस भरून द्यायचा, संपलं. मला हे माहीत नव्हतं. आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी नमाजसाठी सगळ्यांच्या आधी आलो. सुतळीच्या गाठी मी मारल्या तशाच होत्या. दातांनी सोडवाव्या लागल्या. आत चाचा पडद्याआड बसलेला, तसबीहची माळ हातात, डोळे सुजलेले. नमाजआधी हातपाय धुवायला, वुजूला बसलो तर बधना सापडेना. बधना म्हणजे तोटीचं भांडं. मशिदीत एकच होता, तोटीला कथलाचा डाग दिलेला.

तेवढ्यात कोणीतरी सांगत आलं, जैतूनचाची गेली.

आम्ही चाचाच्या घरी गेलो. सोनाबाई दारातच बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "तू न्हाई म्हनलास तरी आला बग त्यो. मी हंडा घिऊन आले तवा दादा तिचं डोकं मांडीवर घिऊन पानी पाजत व्हता. ती त्येच्याकडं बगून हासली. मी चुलीपाशी हंडा उतरवून येतीया तर दादा न्हाई, आन ती गेल्याली."

खाटेखाली बधना होता. तोटीला डाग. तळाशी पाणी.

एतिकाफ तुटलाच असं धरून चाचालाही दफनाला आणलं. तिथं तो रडत म्हणाला, "मी गेलो न्हाई. मी मशिदीतच हुतो."

माझे मामा जमातीचे मोठे. ते म्हणाले, "हुसेन, बायकोला मातीत उतरवतोयस. इथं तरी खोटं बोलू नको."

मग सगळे माझ्याकडं वळले. मामांनी विचारलं, "रशीद, हा बाहेर पडला का?"

"मी कामावर होतो," मी म्हणालो.

वाक्य खरं होतं. त्या रात्री हिशोब घेताना मी ते खोट्यात धरलंही नाही. कडीचं सांगितलं असतं तर विचारलं असतं, कडी कुणी लावली आणि का?

त्या ईदला चाचाची कुणी गळाभेट घेतली नाही. मोहल्ल्याचा एतिकाफ त्यानं तोडला, वर खोटं बोलला, असं ठरलं. पुढं तो नमाजला आला की पोरंटोरं विचारायची, "चाचा, ह्यो कंचा हुसेन आलाय? घरचा का मशिदीतला?" मोठी माणसं हसायची. गाद्या भरायला लोक त्याला बोलवेनात, दुसऱ्या गावचा पिंजारी आणू लागले.

दोन वर्षांनी एतिकाफला मी स्वतः बसायचं ठरवलं. साफ मनानं बसायचं, म्हणून आदल्या दिवशी चाचाकडं माफी मागायला गेलो. तो कापूस पिंजत होता. मी सगळं सांगितलं – कडी, सुतळी, गाठी. "तुम्ही बाहेर पडला नव्हता, चाचा. पडूच शकत नव्हता. मी जमातीसमोर सांगतो."

पिंजणाची तार थांबली.

"मंजी मी गेलो न्हाई."

"नाही."

"मला वाटाया लागलं हुतं, गेलो आसन," तो म्हणाला. "रडता रडता डोळा लागला आसन, आन तसाच उठून गेलो आसन. सोनाबाई खोटं कशाला बोलंल? समदी म्हनत्यात गेलो. मीबी म्हनलं, पाजलं आसन मी तिला." कापसाचे तंतू त्याच्या दाढीत अडकले होते, ते तो काढत राहिला. "मग मरताना ती कुनाकडं बगून हासली रं?"

मी खाली सांडलेला कापूस गोळा करू लागलो.

"तुझं मन हलकं कराया आलास व्हय," तो म्हणाला. "जमातीला काय बी सांगू नको. मला खोटा ऱ्हाऊ दे. गावाच्या लेखी तरी मी तिच्यापाशी गेलोय."

मी उठलो, दुसऱ्या दिवशी एतिकाफला बसलो. दहा दिवस पडद्याआड पिंजणाचा आवाज ऐकायचा प्रयत्न करत होतो. आला नाही. चाचानं पुन्हा पिंजण हातात घेतलं नाही, आणि पुढच्या रमजानपर्यंत तोही राहिला नाही.

त्याचा शब्द मी इतकी वर्षं पाळला आणि आज मोडतो आहे. बरं करतो की वाईट, कळत नाही. बधना अजून मशिदीच्या कोनाड्यात आहे. प्लॅस्टिकच्या मगांमागं पडलेला, पण तोटीचा डाग ओळखू येतो. भिंत मी स्वतः चढून पाहिली. त्या वयातही मला जमलं नाही, चाचाला तर गुडघाच वाकवता येत नव्हता. सोनाबाई शेवटपर्यंत तेच सांगत राहिल्या, एक शब्द इकडचा तिकडं न करता.

त्या दुपारी चाचीपाशी कोण बसलं होतं, हे मला सांगता येत नाही. कोण बसलं नव्हतं आणि कुणामुळं, तेवढंच सांगता येतं.