उद्घाटनाच्या चार ओळी

मी डूख धरणारा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. कोणी चांगलं म्हणावं म्हणून हे लिहीत नाही.

अठरा वर्षं मी अमरावतीच्या एका पेपरात बाजाराचं पान सांभाळलं. साड्यांच्या दुकानापासून पंक्चरच्या टपरीपर्यंत कोणाकोणाच्या उद्घाटनाच्या बातम्या लिहिल्या! आमच्याकडे रीतच तशी. त्या दिवशी सकाळी पेपरात चार ओळी आल्या की लोक येतात, नारळ फुटेपर्यंत थांबतात, पेढा खातात अन् पहिलं गिऱ्हाईकही होतात. बायकोनं मिरची-हळद कांडून द्यायचं दुकान काढलं, तेव्हा त्याच चार ओळी मी मालकाला मागितल्या.

"जाहिरात आना भाऊ, मंग छापू," मालक म्हणाले. तेही सगळ्या हापिसासमोर.

मांडवात तीस खुर्च्या होत्या. भरल्या चार, त्यातल्या दोन तिच्या माहेरच्या. उरलेले पेढे तिनं डब्यात भरले. दुसऱ्या दिवशी मी नोकरीला लाथ मारली अन् ठरवलं, या मालकाचं पानच बंद पाडतो.

मोबाईलवर गट काढला. अमरावती-अकोल्याच्या धंद्यापाण्याच्या बातम्या, अन् त्यांच्यावर खुली चर्चा. जाहिरातीची अट नाही, ज्याचं दुकान त्यानंच लिहायचं. अफवा नको म्हणून प्रत्येक मजकूर आधी मी पाहणार, मग सोडणार. चांदूर बाजारची भाजीवाली लिहू लागली, अकोल्याचे दालमिलवाले भांडू लागले. कोणतं दुकान बसलं, काहून बसलं, सगळं तिथंच कळायचं. लोक उद्घाटनं माझ्या गटात शोधू लागले अन् पेपरचं ते पान अर्ध्यावर आलं. काय गार वाटलं म्हणून सांगू!

मग एक दिवस मालकांच्या सुनेचा मजकूर आला. अकोल्यात तिची बेकरी, परवा उद्घाटन. नेमक्या चार ओळी. मागोमाग मालकांचा फोन.

"भाऊ, तेवढं सोडून द्या ना. पोरीनं लय मेहनत घेतली."

"पायतो," मी म्हणालो.

अन् पाहतच राहिलो. उद्घाटनाच्या दिवशी दुपार टळल्यावर सोडला मजकूर. शिळ्या उद्घाटनाला कुत्रं विचारत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

बायको सकाळपासून घरात नव्हती. दिवेलागणीला आली अन् एक डबा माझ्यापुढं ठेवला.

"अकोल्याले गेली होती," ती म्हणाली. "तुमच्या मोबाईलवर वाचलं परवा. खुर्च्या लय मांडल्या होत्या. मी धरून सहा जनं. पोरगी सारखी रस्त्याकडं पाहून राहिली होती."

"अन् मालक? त्यांचं तोंड कसं झालं होतं?" माझ्यानं राहवलं नाही.

"ते आलेच नाही. पेपरचं काम होतं म्हने."

तिनं डब्याचं झाकण काढलं.

"उरलेले पेढे सगळेच बांधून देले तिनं. खा आता."