वाईनच्या गावाला सहकुटुंब

आमच्या घरात दारूबद्दल एकच मत आहे आणि ते आप्पांचं आहे. आप्पा म्हणजे माझे वडील. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते फिटर होते, आता निवृत्त आहेत. रोज सकाळी वंदना म्हणताना पंचशीलातलं पाचवं शील, म्हणजे नशेपासून दूर राहण्याचं, ते जरा मोठ्यानं म्हणतात. (माझी खोली शेजारीच आहे.) त्यामुळं पंचेचाळिशी उलटली तरी मी कधी थेंबाला शिवलेलो नाही. लोकांना तो संस्कार वाटतो. खरं म्हणजे ती भीती आहे.

यंदा आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली. माझ्या बायकोची, वैशालीची, बँकेतली एक मैत्रीण नवऱ्यासोबत नाशिकला वाईनच्या मळ्यात दोन दिवस राहून आली होती. तिनं फोटो दाखवले. मागं वेलींच्या रांगा, कलतं ऊन, हातात उंच दांड्याचा ग्लास. त्या रात्री वैशाली म्हणाली, "मला असा एक फोटो पाहिजे. आपल्या सगळ्या फोटोंत माझ्या हातात एक तर पिशवी असते, नाही तर कुणाचं तरी लेकरू."

मी जुने फोटो आठवून पाहिले. ती बरोबर होती. दुसऱ्याच दिवशी नाशिकच्या हॉटेलात एक खोली सांगितली आणि मळ्याची शनिवार दुपारची दोन तिकिटं काढली.

आता प्रश्न आप्पांना सांगायचा होता. पूर्ण खोटं बोलायची माझी हिंमत नाही, म्हणून मी जेवताना अर्धं खरं बोललो. म्हटलं, आम्ही दोघं नाशिकला द्राक्षाची बाग बघायला जातोय. आप्पांनी घास थांबवून माझ्याकडं पाहिलं. घरात कुंडीतला मोगरा ज्याच्यामुळं दोनदा वाळला, त्या माणसाला बागेची ओढ लागली याचा त्यांना आनंद झाला. इतका, की जेवण होताच त्यांनी भगवानमामाला फोन लावला.

भगवानमामा म्हणजे माझ्या आईचा भाऊ. लासूर स्टेशनला त्याची थोडी शेती आहे आणि दोन वर्षांपासून त्याच्या डोक्यात द्राक्ष लावायचं घोळत होतं. फोन ठेवून आप्पांनी जाहीर केलं की भगवान लासूरला रस्त्यावर पिशवी घेऊन उभा राहील आणि त्याला सोबत म्हणून तेही येतील. आई म्हणाली, सगळे चालले तर मी एकटी इथं भिंतींशी बोलू का. अशा रीतीनं आमच्या दोघांच्या सहलीला पाच माणसं झाली.

वैशाली चिडली नाही. शांतपणे म्हणाली, "खोली एक आहे आणि पलंगही एकच आहे."

मी दुसरी खोली घेतली, तीन तिकिटं वाढवली आणि एक बेतही आखला. नाशिकला त्रिरश्मी लेणी आहेत, बौद्ध लेणी. तिथं तिघांना दुपारी सोडायचं, आपण दोघांनी मळ्यात जाऊन फोटो काढायचा आणि संध्याकाळी त्यांना परत आणायचं. तिकिटं वाया गेली तर गेली.

शनिवारी पहाटेच निघालो. लासूरला मामा उभा होताच. पण आप्पांनी गाडीतच सांगून टाकलं की लेणी सकाळच्या गारव्यात बघायची, दुपारी नाही. नाशिकला पोचल्या पोचल्या ते पायऱ्या चढायला लागले. मी अर्ध्यावर दम खात असताना त्यांचं वर बुद्धवंदन झालंसुद्धा. उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, चल, आता तुझी बाग दाखव. दुपार अख्खी शिल्लक होती आणि माझ्याकडं एकही लेणं उरलं नव्हतं.

मळ्यात एका हसतमुख मुलीनं आमच्या मनगटांना कागदी पट्ट्या बांधल्या आणि वेलींमधून फिरवायला लागली. मामा तिला पाणी किती, खत कोणतं, छाटणी कधी, असं विचारत होता. आप्पा कौतुकानं बघत होते. मग ती आम्हाला आत घेऊन गेली. आत छताला भिडलेल्या स्टीलच्या टाक्या होत्या. आप्पांमधला फिटर जागा झाला. त्यांनी एका टाकीच्या जोडावरून बोट फिरवलं, काम चांगलं झालंय म्हणाले आणि मला विचारलं, "हिच्यात काय भरतात?"

"रस," मी म्हणालो. तेही अर्धं खरंच होतं.

"आणि मग?"

"मग तो मुरतो."

"मुरतो म्हणजे?"

मी पुढच्या टाकीकडं बोट दाखवलं. मामा मात्र सरळ माणूस. तो म्हणाला, "दाजी, वाईन व्हती त्याची. म्हंजे दारूच. मी त्याच्यासाठीच आलोय. खायच्या द्राक्षाला लई दुखणी असत्यात."

आप्पांनी टाकीवरचा हात काढून घेतला. पुढच्या खोलीत लांब टेबलावर आमच्या नावानं पाच ग्लास मांडलेले होते. आप्पा खुर्चीवर ताठ बसले आणि त्यांनी आपला ग्लास हातभर लांब सरकवला. मग म्हणाले, "यायचं होतं तर सांगून यायचं. बाग कशाला म्हणालास?"

उत्तर वैशालीनं दिलं. म्हणाली, "आप्पा, यायचं मला होतं. मला इथं एक फोटो काढायचा होता. माझा एकटीचा."

आप्पांनी सुनेकडं पाहिलं. मग माझ्याकडं हात पुढं केला. मला वाटलं आता काही खरं नाही, पण त्यांना मोबाईल हवा होता. ते वैशालीला घेऊन खिडकीपाशी गेले, ग्लास जरा वर धर म्हणाले आणि त्यांनी स्वतः फोटो काढला. (चांगला आलाय. बोटसुद्धा मध्ये आलेलं नाही.)

परत येऊन त्यांनी स्वतःसाठी साधा द्राक्षाचा रस मागवला आणि मला सांगितलं, "माझ्या माघारी काही करू नकोस. प्यायची तर इथं पी, माझ्यासमोर."

तेवढ्यात त्या मुलीनं वाईन कशी चाखायची ते समजावलं. ग्लास फिरवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि नको असेल तर बाजूच्या भांड्यात थुंकायचा. आईनं शांतपणे विचारलं, "थुंकायचीच तर तोंडात घ्यायची कशाला?" त्या मुलीला बहुतेक हा प्रश्न आधी कुणी विचारला नव्हता.

सगळे माझ्याकडं बघत होते. मी घोट घेतला. आंबट, तुरट, घशाला जाळ. समोर आप्पांचे डोळे. गिळावं की थुंकावं हे ठरेना, आणि ते ठरायच्या आत मला ठसका लागला. तोंडातली वाईन भांड्यात गेली नाही, घशातही गेली नाही. ती माझ्या पांढऱ्या शर्टावर आली आणि हातातला ग्लासही तिच्यामागोमाग सांडला. मामा माझी पाठ थोपटत होता, आई पदरानं शर्ट पुसत होती. या गडबडीत वैशालीनं आपला ग्लास बसल्याजागी संपवला. "बरी आहे," एवढंच म्हणाली.

हॉटेलकडं परतताना रस्त्यात पोलिसांची तपासणी लागली. मी काच खाली केली आणि हवालदार एक पाऊल मागं सरकला. गाडीत वास भरलेला, माझी छाती लालभडक. त्यानं यंत्रात फुंकायला लावलं. यंत्रानं काहीच दाखवलं नाही. त्यानं यंत्र हातावर आपटलं, पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा काही नाही. माझ्या शर्टावर विश्वास ठेवावा की यंत्रावर, हे त्याला कळेना.

मागच्या सीटवरून आप्पांनी काच खाली केली.

"साहेब, जाऊ द्या त्याला," ते म्हणाले. "मी बाप आहे त्याचा. आत्ताच डोळ्यांनी बघितलंय. त्याला पिता येत नाही."

हवालदारानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याची खात्री पटली.