बेसबॉलच्या तिकिटाची दसरापूजा

बायको आयर्लंडमधल्या लिक्सलिप गावच्या चिप कारखान्यात इंजिनिअर, आणि मी तिच्या व्हिसाला शेपटासारखा लटकून आलेला नवरा. सहा महिने भांडी घासली, मग धंदा काढला: लोकांच्या माळ्यांवर पडलेली खेळांची जुनी तिकिटं, खेळाडूंच्या सह्या लिलावात विकून द्यायच्या. या विषयात आख्ख्या देशात माझा हात धरणारा कोणी नाही. दुसरं कोणी या फंदात पडलेलंच नाही, तो भाग वेगळा.

शेजारच्या म्हातारीने एक बिस्किटांचा डबा आणून दिला. तिचा मामा तरुणपणी बॉस्टनला गेला आणि बेसबॉलच्या मैदानात शेंगदाणे विकत राहिला. डब्यात एकच तिकीट, त्यावर त्या काळच्या बड्या खेळाडूची शाईची सही. तज्ज्ञाने सही खरी ठरवली.

"हे विकलं गेलं की मी मामाची कबर बघायला जाणार," म्हातारी म्हणाली. "आमच्यातलं कोणीच अजून गेलं नाही." ऐंशी ओलांडलेली बाई, पण पासपोर्ट काढून तयार!

तिकीट लिलाववाल्यांकडे पोचवायच्या सकाळी मी प्रेस, म्हणजे आपलं कपाट, उघडलं. बरोब्बर सहीवर हळदीकुंकवाचं बोट! वर शेवंतीचं फूल. आदल्या दिवशी दसरा होता, आणि सांगलीहून आलेल्या आमच्या आईने घरातला लॅपटॉप, मिक्सर, बायकोची गाडी, सगळं पुजलं होतं.

मी अशी किंकाळी फोडली, की पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, ट्रलीच्या हॉस्पिटलात दोन पेशंट दचकून बरे झाले असणार.

"आई! काय केलंस हे?"

"पूजा. धंद्याची वस्तू ना तुझी?" आई पोळी लाटता लाटता म्हणाली.

"अगं, सहीवर कुंकू! म्हातारीची अमेरिका बुडाली!"

"आधी बघ तरी, मग बोंबल," बायको म्हणाली. तिने फूल उचललं, ओल्या कापसाने कुंकू पुसलं. तेव्हा कुठे मला आठवलं, तिकीट प्लॅस्टिकच्या पाकिटात होतं. पण पाकिटाचं तोंड उघडं! कुंकवाचं पाणी आत गेलं असेल तर शाई फुटलीच. बायकोने भुवया कोरायच्या चिमट्याने तिकीट ओढलं. मी देवाला एवढे नवस बोललो, की फेडायला सात जन्म लागतील.

तिकीट कोरडं ठणठणीत. सही जशीच्या तशी.

"तुझ्या वडिलांच्या विम्याच्या कागदांना चाळीस वर्षं कुंकू लावतेय," आई लाटणं रोखून म्हणाली. "प्लॅस्टिकवरूनच. एक अक्षर पुसलंय का कधी? मोठा आलाय जाणकार!"

मी सोडलेल्या निःश्वासाने शेजाऱ्यांचे कपडे वाळले. आयर्लंडमध्ये, ऑक्टोबरात!

तिकीट विकलं गेलं, चांगलंच विकलं गेलं. मी धावत सांगायला गेलो तर म्हातारी नुसतं "ग्रँड", म्हणजे इकडचं "बरं", म्हणाली आणि दारातल्या पायरीवर बसली. मग चष्मा पुसून तिने विचारलं, "नोव्हेंबरात बॉस्टनला थंडी फार असते का रे?"