शांताला बँकेत पकडलं तेव्हा…

आमच्या ग्रुपवर दोन दिवसांपासून कोणत्या बँकेचं अ‍ॅप जास्त सुरक्षित यावर चर्चा चालू आहे. मला त्यातलं फारसं कळत नाही… पण सत्तरच्या दशकात मी मंगरूळच्या दोन बँका स्वतः तपासल्या होत्या.

आम्ही तेव्हा मंगरूळजवळच्या आसेगावला राहायचो. हे शाळेत मास्तर होते, काविळीनं अचानक गेले. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले, आणि काही महिन्यांनी त्यांच्या फंडाचे नि विम्याचे पैसे मिळणार असं कळलं. पदरात दोन लहान मुली. ते पैसे गेले असते तर दुसरं काहीच नव्हतं.

माझे दीर बाजारातल्या बँकेचं नाव घ्यायचे. "वयनी, तिथं सारे आपल्या वळखीचे हायेत. कायले घोर करता?" माणूस सरळ, मनात काही नाही. पण मला नेमकी त्या ओळखीचीच धास्ती वाटायची… का, ते सांगता येत नव्हतं.

मग मी बाजारातल्या आणि स्टँडजवळच्या, अशा दोन्ही बँकांत थोडे थोडे पैसे टाकून खाती उघडली. महिनाभरानं नणंदेला, शांताला, सोबत घेऊन गेले. तिनं डोक्यावर पदर घ्यायचा, माझं पासबुक दाखवायचं आणि पैसे काढायच्या स्लिपवर सही म्हणून तिच्याच अक्षरात माझं नाव लिहायचं. मी बाहेर थांबणार.

"वयनी, मले धरलं तं?" शांता घाबरली होती.

"धरलं तं बरंच होईल," मी म्हटलं.

बाजारातल्या बँकेतून ती लगेच बाहेर आली. हातात पैसे, डोळ्यांत पाणी. खिडकीतल्या माणसानं विचारलं म्हणे, "गुरुजींच्या घरच्या ना? लय चांगला माणूस होता." आणि पैसे मोजून दिले. सही पाहिलीच नाही… मला त्याचा राग आला नाही. पैसे पदराला बांधले आणि शांताला घेऊन स्टँडकडे निघाले.

स्टँडजवळच्या बँकेत ती आत गेली ती येईचना. मग तिचा रडका आवाज ऐकू आला. धावत गेले तर कारकुनानं नमुन्याच्या सहीचं कार्ड समोर ठेवलेलं, शांता बाकावर, आणि शिपाई दार अडवून उभा.

"साहेब, खातं माझं आहे. मीच पाठवलं तिला."

त्यानं आधी माझ्याकडून कोऱ्या कागदावर सही करून घेतली. कार्डाशी ताडून पाहिली. मगच बोलला, "बाई, पोलिसात गेलं असतं प्रकरण! हे काय करून राह्यले तुमी?"

मी सगळं खरं सांगितलं. नवरा गेला, पैसे येणार आहेत, ते कुठं ठेवावेत कळत नव्हतं… आता कळलं. "इथंच ठेवते."

त्यानं कार्ड जागेवर ठेवलं. मग हळूच म्हणाला, "आज गर्दी नाही म्हणून नीट पाह्यलं. बाजाराच्या दिवशी पाठवा या बाईले. तेव्हा धरलं तं ठेवा पैसे."

"मी नाही येत आता!" शांता रडता रडता ओरडली. आणि मला हसू फुटलं. हे गेल्यानंतर पहिल्यांदाच मी हसत होते…

घरी आल्यावर दिरांना सांगितलं. ते खाली मान घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे वयनी, मी गेलो असतो तं मलेबी देले असते त्यायनं?"

"हो भाऊजी."

ते उठून अंगणात गेले. जरा वेळानं परत आले नि म्हणाले, "पैसे आले का तिथंच टाका, स्टँडजवळ. अन् पासबुक तुमच्यापाशीच ठेवा. मले नका देऊ."

पैसे भरायला मी मुद्दाम बाजाराच्याच दिवशी गेले. एवढ्या गर्दीतही तो प्रत्येकाची सही कार्डाशी ताडून पाहत होता. पुढं त्याच पैशावर दोन्ही मुली शिकल्या, नोकरीला लागल्या.

त्या कारकुनाची लवकरच बदली झाली. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं… पण ज्यानं त्या दिवशी शांताला धरलं, त्याचे उपकार मी आजही मानते.