एफी गिलेस्पी आणि कवीचं घर

एफी गिलेस्पीने कविता फारशा वाचल्या नव्हत्या, पण कवीवर तिचा हक्क होता. दोनशे वर्षांपूर्वी तो तिच्या खोऱ्यात जन्मला होता, आणि पोस्टातून निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी पाहुण्यांना चिखल तुडवत त्याच्या डोंगरावर नेणं तिने व्रतासारखं धरलं होतं. पाऊस आला की म्हणायची, "कवी काय छत्री घेऊन हिंडत होता?" ऊन पडलं की मात्र तिला चढाई फिकी वाटायची.

ओढ्याकाठी कवीचं जन्मघर लागायचं. छप्पर कधीच गेलेलं, नुसत्या भिंती. घराकडे पाठ करून एफी ओटकेकची बिस्किटं वाटायची, गोष्ट सांगायची आणि शेवटी बजावायची, "दगड इथूनच घ्या. वर नुसतं गवत आहे, मग माझं डोकं खाल." चढणाऱ्याने माथ्यावरच्या राशीत आपला एक दगड ठेवायचा, ही तिकडची जुनी रीत. एफीच्या काळात रास चांगली उंच झाली होती.

शेजारच्या खोऱ्यातल्या टॉर्क्विल बेनला हे खुपायचं. कवी आपल्या मेंढवाड्यात जन्मला, असं तो ठासून सांगे. शेवटी कवीच्या नावाची पाटी कुठल्या रस्त्यावर लावायची हे ठरवायला एडिनबरोहून इतिहासाच्या अभ्यासक डॉक्टर मन्रो नावाच्या बाई आल्या. पाटी पलीकडे गेली की पाहुणेही जाणार. नवरा वारल्यापासून एफीचा आठवडा शनिवारसाठीच उजाडायचा. पाहणीच्या आदल्या रात्री तिला झोप लागली नाही.

सकाळी ओढ्याकाठी टॉर्क्विलही हजर होता. डॉक्टरबाईंनी विचारलं, "घर कुठे आहे?"

"हे काय." एफी वळली आणि तिचा हात हवेतच राहिला. गुडघाभर नेच्यात चुलीचा एक कोपरा तेवढा उरला होता.

"कवीचं भूतसुद्धा उघड्यावर पडलंय बिचारं," टॉर्क्विल म्हणाला.

एफीने सावकाश डोंगराकडे पाहिलं. "घर आहे," ती म्हणाली, "पण वर गेलंय."

तिघं धापा टाकत माथ्यावर पोचली. राशीत चुना लागलेले, घडीव दगड सगळीकडे दिसत होते. घराचा उंबरासुद्धा होता. तो चार डच पाहुण्यांनी मिळून चढवला होता आणि एफीने त्यांना जास्तीचा ओटकेक दिला होता.

"हे कुणी केलं?" डॉक्टरबाईंचा आवाज चढला.

कुणा पाहुण्यावर ढकलणं सोपं होतं. एफीला लाज वाटत होती, पण ती म्हणाली, "मी. दर शनिवारी."

डॉक्टरबाई बराच वेळ त्या चुन्यावरून बोट फिरवत राहिल्या. "घर होतं एवढं तर नक्की. मेंढवाड्यात तेही सापडलं नाही. पण मिसेस गिलेस्पी, हे घर खाली जाऊन उभं राहिल्याशिवाय पाटी नाही."

टॉर्क्विल खदखदून हसला. "माणशी एक दगड? एफी, तू शंभरीला टेकशील तरी संपायचं नाही."

एफीने रास खालपासून वरपर्यंत न्याहाळली. एवढे शनिवार तिला आजवर कुणी दिले नव्हते.

"मग तूही येत जा," ती म्हणाली. "तुझी पाठ अजून धड आहे. उंबरा तू घे."