अण्णांच्या खिडकीची फट

समोरच्या खडी क्रशरची धूळ खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटीतून आत शिरायची आणि अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पलंगावर बसायची. त्यांची फुप्फुसं थकलेली, दृष्टीही गेलेली. दुकानदार म्हणाला, "बाहेरून भरणार ना? मग ऊन-पाऊस सोसणारं सिलिकॉन न्या. साधं तडकतं." तेच आणलं.

शिडीवर चढून मी जुनी पुट्टी खरवडली आणि फट भरायला घेतली. आतून अण्णा बोलत होते, "क्रशर नव्हता तेव्हा इथून नदी ऐकू यायची रे." मी हं हं करत होतो. फट बुजत गेली तसा त्यांचा आवाज बारीक होत गेला. शेवटचा कोपरा बोटाने दाबला आणि आवाज येईनासाच झाला. काचेतून पाहिलं, तर त्यांचे ओठ हलत होते.

आजारी माणसाला जपता जपता आपण त्याचं जग किती आवळत नेतो! आधी त्यांचं अंगणात बसणं बंद केलं, मग भेटायला येणारी माणसं.

हात न धुताच आत गेलो. अण्णा आता गप्प झाले होते. माझी चाहूल लागताच म्हणाले, "आहेस होय? मला वाटलं, गेलास."